डोळा न मारता

‘संगीत मानापमान’ १९११ साली रंगभूमीवर आलं. त्याला शंभरावर वर्षं उलटली, तरी त्यातली पदं नाट्यसंगीताच्या मैफलीत अजून मानाच्या जागी बसलेली असतात. गाणारा रंगतो, ऐकणारे डोलतात, आणि मध्यंतरात बटाटेवडा खाताना कुणी भाबडेपणाने विचारलं, ‘अहो, पण त्या भामिनीला धैर्यधर आधी नको का झाला होता?’ तर रांगेतल्या बहुतेकांचं लक्ष एकदम चटणीकडे जातं. यात लाज वाटण्यासारखं काही नाही. आपण पदं ऐकायला आलेले असतो, भामिनीच्या लग्नाची बोलणी करायला नाही.

न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवरची गतही अशीच. किंबहुना तिथली १९२० आणि ३० च्या दशकांतली संगीत नाटकं लोक विसरले हे त्या नाटकांच्या अब्रूच्या दृष्टीने बरंच झालं. १९३४ सालच्या ‘एनीथिंग गोज’चं कथानक घ्या. न्यूयॉर्कहून इंग्लंडला निघालेली बोट. बोटीवर तिकीट न काढता चढलेला एक तरुण, कारण त्याला आवडणारी मुलगी दुसऱ्याच कुणाशी लग्न करायला निघालीय. एक गुंड, जो पाद्र्याचा झगा घालून पोलिसांना चुकवतोय. एक बाई, जी पूर्वी धर्मप्रवचनं करायची आणि आता नाइटक्लबात गाते. पहिल्या संहितेत बोट बुडण्याचा प्रसंग होता म्हणतात. पण त्याच वर्षी सप्टेंबरात ‘मॉरो कॅसल’ ही खरीखुरी बोट जळाली, शंभरावर माणसं गेली, आणि ऐन वेळी दुसरे लेखक बसवून सगळं नव्याने लिहून घ्यावं लागलं. इतक्या धांदलीत शिवलेल्या गोष्टीची शिवण कुठे कुठे उसवली आहे हे मोजत बसू नये. गाणी कोल पोर्टरची होती, तेवढं पुरे.

हा कोल पोर्टर म्हणजे इंडियाना राज्यातल्या पेरू नावाच्या गावात १८९१ साली जन्मलेला, गडगंज आजोबांचा नातू. येल विद्यापीठात शिकला, पॅरिस-व्हेनिसमध्ये मनसोक्त उधळला आणि मग चांगला पस्तिशी ओलांडल्यावर ब्रॉडवेवर जम बसवला. त्या धंद्यात बहुतेक दुकानं भागीदारीची होती. जॉर्ज गर्श्विन चाल बांधायचा, भाऊ आयरा शब्द लिहायचा. रॉजर्स चाल द्यायचा, हार्ट शब्द. पोर्टरचं दुकान एकट्याचं. शब्दही त्याचे, चालही त्याची. त्यामुळे एखादी चावट यमकाची जागा जमली नाही तर तो चाल हवी तशी वळवायचा, आणि भांडायला समोर कुणी नसायचं.

‘एनीथिंग गोज’चा ब्रॉडवेवरचा पहिला प्रयोग झाला २१ नोव्हेंबर १९३४ ला, बावन्नाव्या रस्त्यावरच्या अल्विन थिएटरात. मुख्य भूमिकेत एथेल मर्मन. मायक्रोफोनशिवाय शेवटच्या रांगेतल्या झोपलेल्या माणसाला उठवील असा आवाज. समोर कोटातले, फरमधले प्रेक्षक. त्याच दिवशी, त्याच शहरात, सत्तरेक रस्ते उत्तरेला, हार्लेमच्या अपोलो थिएटरात हौशी कलावंतांची रात्र होती. तिथे सतरा वर्षांची एक मुलगी नाचायला आली होती. आई दोन वर्षांपूर्वी गेलेली, राहायला धड जागा नाही, अंगावरचे कपडे असेतसेच. तिच्या आधी एडवर्ड्स सिस्टर्स म्हणून दोन बहिणी अशा काही नाचून गेल्या की हिचे पाय जागीच थिजले. स्टेजवर तर आलेली, आता काहीतरी करायलाच हवं. तिने गाणं म्हटलं. कॉनी बॉसवेल नावाची तिची आवडती गायिका जसं गायची तसं. आणि बक्षीस जिंकलं. मुलीचं नाव एला फिट्झजेराल्ड.

चित्रपटात कुणी असा योगायोग घातला तर आपण ‘काहीही दाखवतात’ म्हणून उठून जाऊ. तारीख मात्र खरोखर एकच आहे. आणि पोर्टरची गाणी आणि ही मुलगी यांची नीट गाठ पडायला पुढे एकवीस वर्षं लागली.

मधल्या काळात एला चिक वेब या ड्रमवादकाच्या बँडमध्ये गायली, १९३८ साली एका बडबडगीतावरून बांधलेल्या गाण्याने घराघरांत पोचली, वेब वारल्यावर बँडही तिने सांभाळला. डेका कंपनीत वीसेक वर्षं काढली. कंपनी देईल ते गायची: चांगलं, बरं, आणि काही अगदी पोरकट. मग जॅझच्या मैफली भरवणारा नॉर्मन ग्रान्झ तिचा मॅनेजर झाला. त्याला ती डेकातून सोडवायची होती. तेव्हा ‘द बेनी गुडमन स्टोरी’ नावाचा चित्रपट आला होता, आणि त्याच्या संगीतात वाजवणारे काही वादक ग्रान्झशी करारबद्ध होते. डेकाला त्या चित्रपटाची रेकॉर्ड काढायची होती. ग्रान्झ म्हणाला, काढा की. मला एला द्या. वादकांच्या बदल्यात गायिका. व्यवहार झाला, आणि ग्रान्झने १९५६ मध्ये ‘व्हर्व्ह’ ही स्वतःची कंपनी मुख्यतः तिच्यासाठीच उभी केली.

तिथली पहिलीच मोठी उडी म्हणजे ‘एला फिट्झजेराल्ड सिंग्ज द कोल पोर्टर साँग बुक’. दोन एलपी, चार बाजू, बाजूला आठ याप्रमाणे बत्तीस गाणी. फेब्रुवारी-मार्च १९५६ मध्ये लॉस एंजेलिसला ध्वनिमुद्रण झालं. वाद्यवृंदाची जबाबदारी बडी ब्रेगमन नावाच्या पंचविशीतल्या पोराकडे. अख्खा अल्बम एकाच गीतकाराला वाहायचा हा प्रकार अगदी नवा नव्हता. डेकात असताना एलानेच एकट्या पियानोच्या साथीवर गर्श्विनची गाणी गायली होती. पण एवढा ऐसपैस, मोठ्या वाद्यवृंदानिशी, एखाद्या लेखकाचे समग्र ग्रंथ काढावेत तसा थाट कुणी केला नव्हता. रेकॉर्ड धडाक्यात खपली. त्यापाठोपाठ १९६४ पर्यंत रॉजर्स-हार्ट, एलिंग्टन, बर्लिन, गर्श्विन, आर्लेन, कर्न, मर्सर असे आणखी सात ग्रंथ निघाले.

मी हा अल्बम फोनवर ऐकतो, तेही बहुधा मटार सोलताना. सगळा मिळून जवळजवळ दोन तासांचा आहे, म्हणजे अडीच-तीन किलो मटारांचा. घरच्यांचं मत असं की ‘ती बाई’ लावली की माझा हात हळू चालतो. खरं आहे ते. पोर्टरचा एखादा शब्द ऐकू आला नाही तर मी मागे जातो आणि पुन्हा ऐकतो. आणि मजा म्हणजे एलाच्या बाबतीत दोष नेहमी माझ्या इंग्रजीचा निघतो, तिच्या उच्चाराचा कधीच नाही.

आता मुद्द्याचं. पोर्टरच्या बहुतेक गाण्यांत लिहितानाच डोळा मारलेला आहे. ‘लेट्स डू इट’ हे १९२८ सालचं गाणं म्हणजे प्राणिसंग्रहालयाची फेरी: पक्षी ‘ते’ करतात, मधमाश्या ‘ते’ करतात, शिंपल्यातले जीवही करतात, तेव्हा आपणही करूया, आणि ‘ते’ म्हणजे प्रेमात पडणं, असं कडव्याच्या शेवटी अगदी सभ्यपणे सांगून टाकायचं. सेन्सॉरला बोट ठेवायला जागा नाही, आणि प्रेक्षकाला हवं ते तोवर कळून चुकलेलं असतं. अशी ओळ समोर आली की गायकाला वाटतं आपणही जरा भुवई उडवावी, आवाजात थोडा मिश्किलपणा मिसळावा, म्हणजे लोकांना नक्की कळेल. इथेच घात होतो. गाण्याने एक डोळा मारला, गायकाने दुसरा. आता दोन्ही डोळे मिटले. विनोद दिसणार कुणाला?

एला डोळा मारत नाही. ती हे सगळं जीवशास्त्राचा तास घेणाऱ्या बाईंच्या निर्मळ चेहऱ्याने गाते. यादी मोठी आहे, वेळ थोडा आहे, आणि प्रत्येक प्राण्याला न्याय मिळाला पाहिजे, एवढीच तिला काळजी. त्यामुळे चावटपणा कुणी केला याचा पत्ताच लागत नाही. गाण्याने केला? तिने केला? की ऐकणाऱ्याच्याच मनात तो आधीपासून होता? माझी एक आत्या होती. लग्नाच्या पंगतीत वाढप्याने आग्रह केला की पानाकडे बघत ती शांतपणे म्हणायची, ‘छान आहे हो जिलबी. उरली कशी मागच्या लग्नातून?’ आणि पुढचा घास घ्यायची. सगळी पंगत हसून लोळत असताना हिच्या चेहऱ्यावरची रेघ हलत नसे. वाढपीच बिचारा स्वतःशी घोकत राहायचा, आपल्याला हे खरंच विचारलं की काय. एलाच्या गाण्यात पोर्टरचं नेमकं तसं होतं.

तिच्यावर टीका झाली तीही याच गोष्टीसाठी. बिली हॉलिडे ओळ गाते तेव्हा त्या ओळीने तिला काय काय सोसायला लावलं ते ऐकू येतं. एला नुसते सुंदर सूर लावते, शब्दांत शिरत नाही, असं म्हणणारे पुष्कळ होते, आजही आहेत. दुःखाच्या गाण्यांपुरतं मी त्यांच्याशी थोडंफार जमवून घेईन. पण पोर्टरसाठी एवढं अंतर हवंच. शिवाय ही गाणी मुळात एकेका पात्राची. नाइटक्लबातली ती माजी प्रवचनकार, ‘किस मी, केट’मधली श्रीमंत मित्रांची यादी म्हणून दाखवणारी नटी, ‘कॅन-कॅन’मधली पॅरिसची माणसं. एला या कुणाच्याच अंगात शिरत नाही. पात्र दारातच थांबतं आणि गाणं एकटंच आत येतं. तेव्हा पहिल्यांदा लक्षात येतं की पात्राची त्याला कधी गरजच नव्हती.

‘यू आर द टॉप’ मात्र थांबून ऐकायला हवं, कारण त्यात आपलं माणूस आहे. हेही ‘एनीथिंग गोज’मधलंच. दोघंजण एकमेकांची स्तुती करताहेत, आणि स्तुती म्हणजे १९३४ साली जगात जे जे म्हणून सर्वोत्तम समजलं जायचं त्याची यादी: पिसाचा मनोरा, मोनालिसाचं हसू, शेक्सपिअरचं सुनीत, मिकी माउस, ग्रेटा गार्बोचा पगार, फ्रेड अस्टेअरचे पाय, वॉल्डॉर्फ हॉटेलचं सॅलड. आणि सेलोफेन! तेव्हा तो पारदर्शक कागद नवलाईचा होता. कुणाला ‘तू सेलोफेन आहेस’ म्हणणं म्हणजे कौतुकाची कमाल. आज शर्टाच्या खोक्यावरून ओरबाडून आपण तो कचऱ्यात टाकतो.

त्या यादीत महात्मा गांधी आहेत. आणि पोर्टरने त्यांचं यमक जुळवलंय ते नेपोलियन ब्रँडीशी. दारूच्या दुकानांवर पिकेटिंग करायला लावणारे गांधीजी आणि फ्रेंच ब्रँडी एकाच यमकात, एकाच कौतुकाचे मानकरी! रागावण्याआधी एक लक्षात घ्यायला हवं: अमेरिकेतली दारूबंदी डिसेंबर १९३३ मध्ये, म्हणजे प्रयोगाच्या जेमतेम वर्षभर आधी उठली होती. उघडपणे ब्रँडी मागवता येणं ही न्यूयॉर्कला ताजी नवलाई होती, आणि दांडीयात्रेनंतर गांधीजींचं नावही तिथल्या वर्तमानपत्रांत ताजं होतं. पोर्टरला दोन्ही सारखेच थोर वाटले. यात अनादर नाही. श्रीमंत माणसाचा भाबडेपणा आहे.

हे गाणं ऐकलं की मला उगीच वाटतं, त्याच वर्षी पुण्यातल्या एखाद्या कॉलेजकुमाराने अशी यादी केली असती तर? साहित्य हाताशी भरपूर होतं. मुंबईला जिमखान्यावर सी. के. नायडूंनी मारलेले षटकार लोक अजून विसरले नव्हते. दख्खनची राणी सुरू होऊन चार वर्षं झाली होती. ‘प्रभात’ कोल्हापूरहून पुण्यात येऊन तुतारी वाजवत होती. बालगंधर्वांचा शालू होताच. पण आमचा पोरगा मुलीला ‘तू दख्खनची राणी आहेस’ म्हणाला असता, आणि ती म्हणाली असती, ‘म्हणजे सकाळी जायचं आणि संध्याकाळी परत यायचं, असंच ना?’ पुढचं कडवं झालंच नसतं.

सगळीच गाणी अशी हसतखेळत जात नाहीत. ‘लव्ह फॉर सेल’ हे वेश्येच्या तोंडचं गाणं, १९३० च्या ‘द न्यूयॉर्कर्स’ नाटकातलं. एक गोरी नटी रस्त्यावर उभं राहून ते गायची, त्यावर गहजब झाला. मग निर्मात्यांनी तोडगा काढला. गाणं तेच ठेवलं, गाणारी बदलून एलिझाबेथ वेल्श ही काळी गायिका आणली, आणि प्रसंग हार्लेमच्या कॉटन क्लबसमोर नेला. लगेच सगळ्यांची नीतिमत्ता शांत झाली. रेडिओने मात्र शब्द वाजवायला नकार दिला. चाल चालेल म्हणाले. पंचवीस वर्षांनी एला तेच गाणं कुठल्याही रस्त्यावर उभं न राहता, कुठलाही वेश न घेता गाते, आणि पहिल्यांदा त्यातला थकवा ऐकू येतो.

‘मिस ओटिस रिग्रेट्स’ त्याहून विचित्र. ही एका नोकराच्या तोंडची अदबशीर माफी आहे: बाईसाहेबांना आज जेवायला येता येणार नाही, त्या दिलगीर आहेत. का येता येणार नाही, ते कडव्याकडव्याने उलगडतं. त्यांनी फसवणाऱ्या प्रियकराला गोळी घातली, मग जमावाने त्यांना तुरुंगातून ओढून काढलं आणि झाडाला लटकवलं. आणि दर वेळी पुन्हा तीच दिलगिरी, जेवायला येता येणार नाही. पोर्टरने हे श्रीमंतांच्या पार्ट्यांत हसवण्यासाठी लिहिलेलं. या गाण्यात ब्रेगमनचा सगळा वाद्यवृंद गप्प बसवला आहे; फक्त पियानो आणि एला. ती चेहरा हलू देत नाही, नेहमीसारखाच. पण अमेरिकेत जमावाने झाडाला लटकवलेली माणसं बहुतेक कुठल्या रंगाची होती हे गाणारीला आणि ऐकणाऱ्याला दोघांनाही माहीत आहे. आत्याच्या जिलबीचा चेहरा आणि हा चेहरा एकच, आणि इथे हसू येत नाही.

या ध्वनिमुद्रणाच्या चारच महिने आधी, ऑक्टोबर १९५५ मध्ये, ह्यूस्टनला ग्रान्झच्या मैफलीचा कार्यक्रम होता. गोऱ्यांनी इकडे आणि काळ्यांनी तिकडे बसायचं, ही पद्धत ग्रान्झने त्या सभागृहात चालू दिली नाही. तशा पाट्या काढायला लावल्या. दोन खेळांच्या मध्ये साध्या कपड्यातले पोलीस एलाच्या खोलीत घुसले. काही वादक कोपऱ्यात फाशांचा खेळ खेळत होते. एला ‘पाय’ नावाचा अमेरिकन पदार्थ खात, कॉफी पीत बसलेली. जुगाराच्या नावाखाली सगळ्यांना उचललं, ट्रम्पेटवादक डिझी गिलेस्पीसकट. चौकीवर नेल्यावर त्याच पोलिसांनी तिच्याकडे सही मागितली. हे पुढे तिनेच सांगितलं. आणि मग सगळे सुटून परत आले आणि दुसरा खेळ केला.

सुरांच्या बाबतीत मला सगळ्यात आवडतं ते ‘एव्हरी टाइम वी से गुडबाय’, १९४४ चं. त्यात निरोपाच्या वेळी सूर मेजरमधून मायनरमध्ये कसा जातो, असं शब्दच सांगतात. आणि पोर्टर नेमका त्याच शब्दांवर तसं करून दाखवतो. आपल्या भाषेत सांगायचं तर खालच्या साथीतला शुद्ध धैवत त्या क्षणी कोमल होतो. एवढंच. दुसरा कुणी गायक असता तर इथे श्वास रोखला असता, आवाज थरथरवला असता, ‘ऐकलंत ना?’ असं सुचवलं असतं. एला नुसती शब्द म्हणते आणि पुढे जाते. धैवताला त्याचं काम करू देते. आपल्याकडे नाट्यपद रंगवताना अशा जागेवर तीन आवर्तनं सहज गेली असती. पोर्टर ते ऐकून कुठल्या देशात पळाला असता, सांगवत नाही.

वाद्यवृंदाबद्दल मी थोडा हात आखडता घेतो. ब्रेगमन वयाने लहान होता आणि त्याच्या हाती मोठी फौज आली होती. झपाट्याच्या गाण्यांत पितळी वाद्यं कधीकधी गरजेपेक्षा जास्त उत्साहाने उठतात. तीन वर्षांनी नेल्सन रिडलने गर्श्विनच्या गाण्यांना जे अस्तर शिवलं तसलं काम इथे नाही. पण व्हायोलिनं पसरतात तेव्हा छान पसरतात, आणि काही गाणी मोजक्या चार वादकांवर सोडून दिलीत ती तर फारच छान. ‘बिगिन द बिगीन’ पाहा: साधारण गाणं बत्तीस मात्रागटांचं असताना हे एकशे आठांचं, दोर सोडावा तसं लांबत जातं. १९३५ च्या ‘ज्युबिली’त कुणाच्या फार लक्षात राहिलं नव्हतं, तीन वर्षांनी आर्टी शॉने क्लॅरिनेटवर वाजवलं आणि सगळ्यांच्या तोंडी बसलं. एला ते एखाद्या लांब जिन्यावरून न दमता चढावं तसं गाते, कठड्याला हात न लावता.

एक गंमत लक्षात येते ती उशिरा. अर्थ नसलेल्या अक्षरांत तासन् तास तानबाजी करणारी म्हणून ही बाई जगात प्रसिद्ध; आणि या बत्तीस गाण्यांत ती ते जवळजवळ करतच नाही. चाल लिहिलीय तशी, शब्द लिहिलेत तसे. वर नाटकात गाण्याआधी येणारी, बोलणं आणि गाणं यांच्या मधली जी प्रस्तावना रेडिओवाले उडवून टाकतात, तीही कित्येक गाण्यांत म्हणते. इतक्या नम्रपणे दुसऱ्याचं घर झाडून देणारी पाहुणी विरळाच.

शेवटचं, बत्तिसावं गाणं ‘डोन्ट फेन्स मी इन’. घोड्यावर बसून मोकळ्या रानात हिंडू द्या, मला कुंपण नको, असं म्हणणाऱ्या काउबॉयचं. मोंटाना राज्यातल्या रस्तेखात्यात काम करणाऱ्या रॉबर्ट फ्लेचर या माणसाची कविता पोर्टरने १९३४ च्या सुमारास अडीचशे डॉलरना विकत घेतली होती, त्यावरून केलेलं. ज्या चित्रपटासाठी केलं तो निघालाच नाही. गाणं दहा वर्षं पडून राहिलं, आणि मग १९४४ मध्ये ‘हॉलिवूड कँटीन’मध्ये रॉय रॉजर्सने गायल्यावर उसळलं. मधल्या काळात, १९३७ साली, लाँग आयलंडला पोर्टर घोड्यावरून पडला आणि घोडा त्याच्यावर पडला. दोन्ही पाय चिरडले. तिसाहून जास्त शस्त्रक्रिया झाल्या. पुढे १९५८ मध्ये उजवा पाय काढावाच लागला, आणि त्यानंतर त्याने गाणं लिहिलं नाही. ‘किस मी, केट’ धरून कितीतरी चावट, उडतं, नाचतं काम त्याने दुखऱ्या पायांवर केलं. त्याच्या गाण्यांतून त्या दुखण्याचा पत्ता लागत नाही. तोही तसा न हलणाऱ्या चेहऱ्याचाच.

रेकॉर्ड तयार झाल्यावर ग्रान्झ ती घेऊन पोर्टरकडे गेला. वॉल्डॉर्फ टॉवर्समध्ये राहायचा तो. आपली आयुष्यभराची कमाई त्याने बसून ऐकली. ग्रान्झला वाटलं असणार, आता काहीतरी गहिवरून बोलेल. पोर्टर एवढंच म्हणाला की या मुलीचे उच्चार फारच सुरेख आहेत. एला तेव्हा अडतीस-एकोणचाळीस वर्षांची होती आणि अमेरिकेतली सर्वांत नावाजलेली जॅझ गायिका होती. पुढे २००३ साली अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने हा अल्बम राष्ट्रीय ठेव्यात घेतला. पण शब्द लिहिणाऱ्या माणसाने दिलेली ही पावती मला त्याहून मोठी वाटते. बत्तीस गाण्यांत आपला एकही शब्द कुठे सांडलेला नाही, हे त्याने आधी तपासून घेतलं होतं.

मग फेब्रुवारी १९६० मध्ये हीच एला बर्लिनला हजारोंच्या सभागृहात ‘मॅक द नाइफ’ गायला उभी राहिली आणि मध्येच शब्द साफ विसरली. थांबली नाही. सुचतील ते शब्द जुळवले, आपण शब्द विसरलो आहोत हेसुद्धा त्याच चालीत गाऊन सांगितलं, लुई आर्मस्ट्राँगची नक्कल केली, आणि गाणं तडीला नेलं. त्या ध्वनिमुद्रणाला ग्रॅमी मिळालं. ते गाणं पोर्टरचं नव्हतं.